आगरातील ब्राह्मी

गुहागर, मुरुड, आंजर्ले, केळशी ही रत्नागिरी जिल्ह्यातील गावे समुद्राला लागून वसली आहेत. तेथे घरामागे नारळी-पोफळींची दाट बाग असते. तिला आगर म्हणतात. भर दुपारीही आगरातल्या भुईवर उन्हाचे चार कवडसेच काय ते पडतात. विहिरीचे पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांत खेळविलेले असते. पूर्वी ते रहाटाने काढीत, आता पंपाने काढतात. अशा पाटाच्या काठी वाटोळ्या पानांची एक वनस्पती भुईला बिलगून पसरलेली दिसते. ती ब्राह्मी. कोकणात तिला कारिवणा असेही म्हणतात. वैद्य तिला मंडूकपर्णी म्हणतात.

तिचे खोड दोऱ्यासारखे बारीक असते व ते जमिनीवरून सरपटत जाते. खोडाच्या प्रत्येक पेराशी खाली मुळे फुटतात आणि वर लांब देठाची, कातरलेल्या कडांची पाने येतात. फुले इतकी लहान, की पाने बाजूला सारल्याशिवाय ती दिसतही नाहीत. ब्राह्मी ही कोथिंबीर आणि गाजर यांच्या कुळातली आहे, हे तिच्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही!

रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. झाडांखालची माती या माऱ्यातून सुरक्षित राहत असेल, असे वाटते. परंतु तसे नाही. पानांच्या टोकांशी पाणी साचून मोठे थेंब होतात व उंचावरून खाली आदळतात. माती उघडी असली, तर ती फुटते आणि वाहून जाते. रानात पातेरा व लहान झुडपे हा मारा झेलतात. झाडून लख्ख केलेल्या आगरात तो कोण झेलणार? तेथे ब्राह्मीसारख्या वनस्पतीचे मोल कळते. तिची पाने थेंब अडवितात आणि पेरापेरांतील मुळे माती धरून ठेवतात.

ब्राह्मी खाण्यातही आहे. श्रीलंकेत तिची पाने चिरून खवलेल्या नारळाबरोबर खातात. तिने स्मरणशक्ती वाढते अशी जुनी समजूत आहे. तथापि तसा निश्चित पुरावा अद्याप मिळालेला नाही, तेव्हा पाठांतर चुकविण्यास तिचा उपयोग नाही. पाणथळ जागी वाढणाऱ्या, लहान जाडसर पानांच्या दुसऱ्या एका वनस्पतीलाही ब्राह्मी म्हणतात. ती निराळ्या कुळातली आहे. सांडपाण्याच्या गटाराकाठची ब्राह्मी मात्र खाण्यासाठी कधीही खुडू नये.

लागवडीसाठी बी शोधावे लागत नाही. पावसाळ्याच्या आरंभी मुळे फुटलेली दोन-तीन पेरे असलेले खोडाचे तुकडे घ्यावेत. तुकडे आणावेत ते ओळखीच्या आगरातून किंवा शेताच्या बांधावरून. देवरहाटीतून काही न्यायचे नाही, हा गावोगावचा जुना रिवाज आहे. मातीत कुजलेला पातेरा व थोडे शेणखत मिसळावे. वीतभर अंतरावर तुकडे आडवे ठेवून पेरे तेवढी मातीत दाबावीत. पावसात त्यांची फारशी निगा राखावी लागत नाही. खोडे धावू लागली, की उघडी भुई हळूहळू झाकली जाते.

खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. येथली जमीन कोठे रेताड, तर कोठे जांभ्या दगडाची. दोन्हींतून पाणी झरझर निचरून जाते. उघड्या उन्हात ब्राह्मीची पाने लहान होतात, देठ आखूड राहतात आणि रंग तांबूस होतो. सावलीत तीच पाने मोठी व हिरवीगार असतात. म्हणून तिला आळ्याच्या किंवा पाटाच्या कडेला जागा द्यावी, म्हणजे झाडांना घातलेल्या पाण्यातच तिचे भागते. वैशाखात दूरची खोडे सुकली, तरी ओलाव्याजवळची काही पेरे तग धरतात, आणि पहिल्या पावसानंतर त्यांनाच नवी खोडे फुटतात.