जॅझचं स्टेशन, पण एला नाही?

प्रश्न : १९९० च्या दशकात नोकरीसाठी काही वर्षं लॉस एंजेलिसला होतो. ऑफिसला जाता-येता गाडीत ‘द वेव्ह’ हे स्मूद जॅझ स्टेशन लावायचो. बराच वेळ नुसती वाद्यं, मग मधूनच एखादं गाणं, तेही बहुधा बिल विदर्स, शादे नाहीतर अनिता बेकर. एला फिट्झजेराल्ड मात्र कधी कानावर आली नाही. जॅझचं स्टेशन आणि एलाच नाही, असं कसं?

उत्तर : गाणं निवडताना ‘हे जॅझ आहे का?’ असं तिथं कुणी फारसं विचारत नसे. सॅक्सोफोनच्या शेजारी हा आवाज शोभतो का, एवढंच पाहायचं.

‘द वेव्ह’ १४ फेब्रुवारी १९८७ रोजी सुरू झालं, केएमईटी हे नावाजलेलं रॉक स्टेशन बंद करून. त्याचा श्रोता काम करता करता ऐकणारा. वाद्यं पार्श्वभूमीला राहतात. शब्द आले की लक्ष तिकडे वळतं. म्हणून गाणी मोजकी. पण ती लागतातच, कारण ओळीनं चार अनोळखी सॅक्सोफोन झाले की ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही. ओळखीचा आवाज आला की तो स्टेशन बदलत नाही.

आता एला. ती स्कॅट गाऊ लागली, म्हणजे शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर ताना घेऊ लागली, की हातातलं काम तसंच राहतं. शिवाय मागे स्विंगचा उसळता ठेका. सिंथेसायझरच्या संथ, गुळगुळीत लयीनंतर तो आला की सांधा खडकन जाणवतो. शादेचं ‘स्मूद ऑपरेटर’ (१९८४) मात्र अलगद मिसळून जातं : आवाज खालच्या पट्टीतला, न चढणारा, आणि सोबतीला सॅक्सोफोन आहेच.

या निवडीचा नमुना म्हणून मी जॉर्ज बेन्सनचं नाव घेईन. त्याच्या १९७६ च्या ‘ब्रीझिन’ या अल्बमवर सहा रचना आहेत, त्यांतली गायलेली एकच : लिऑन रसेलचं ‘धिस मॅस्करेड’. बोटं गिटारवर जे वाजवतात तेच बेन्सनचा गळा त्याच क्षणी गातो. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. इथं मागे-पुढे कुणीच नाही. हेही स्कॅटच, पण गिटारला चिकटलेलं, म्हणून खपून जातं. वाद्यसंगीतातून गाण्यात शिरायला याहून सुंदर दार मला माहीत नाही. अल्बमवर हे गाणं आठ मिनिटांचं आहे; सिंगलवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. विदर्सचा आवाज असलेलं सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरचं ‘जस्ट द टू ऑफ अस’ही तसंच : सात मिनिटांहून मोठं मूळ गाणं, सिंगलवर चार मिनिटांच्या आत.

तुम्हाला ठरावीकच गाणी ऐकू आली, त्याला आणखी एक कारण आहे. ‘ब्रॉडकास्ट आर्किटेक्चर’ ही सल्लागार कंपनी श्रोत्यांना एकत्र बसवून गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवायची. प्रत्येकाच्या हातात एक फिरती खुंटी. आवडलं तर वर, नाही तर खाली. काही सेकंदांत ओळख पटणारं गाणं अशा परीक्षेत तरतं. हळूहळू उमलणारं बुडतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चांगल्या गायकीचा जीव पुष्कळदा त्या हळू उमलण्यातच असतो. पुढे स्मूद जॅझची स्टेशनंच मिटत गेली. न्यूयॉर्कचं २००८ मध्ये, शिकागोचं २००९ मध्ये.

घरी यादी करत असाल तर एलाला जरूर घ्या, फक्त बँडबरोबरची नको. १९७३ मध्ये तिनं गिटारवादक जो पासबरोबर ‘टेक लव्ह ईझी’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात ड्रम नाहीत, बास नाही. एक गिटार आणि ती. बेन्सनची पूर्ण आठ मिनिटं होऊ द्या आणि लगेच हे लावा. गिटारवरून गिटारवर जाताना सांधा जाणवणार नाही.