नळाच्या पाण्याची शुद्धता : हक्क, विज्ञान आणि दक्षता

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारो सत्याग्रहींनी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. परंतु कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांत फार मोठे अंतर होते. ते अंतर त्या दिवशी लोकांनी स्वतः चालून पार केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. तळ्यातले पाणी १०८ घागरींत काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळून, मंत्रोच्चारांत ते पुन्हा तळ्यात सोडण्यात आले. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून या प्रसंगाकडे पाहताना एक गोष्ट मनास सतत बोचते. ज्या पाण्यात शेण मिसळले गेले, ते त्या समाजाच्या लेखी शुद्ध झाले होते. पाण्याची शुद्धता कोणाच्या स्पर्शावर नसून पाण्यात काय आहे यावर अवलंबून असते, हे समजण्यास आपल्या समाजाला फार काळ लागला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नळ आहे. मात्र त्या नळाचे पाणी शुद्ध आहे की नाही, हे आपण आजही ऐकीव माहितीवर, रंगावर किंवा चवीवर ठरवतो. ते तपासून ठरवावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

स्वच्छ दिसणारे आणि सुरक्षित असणारे पाणी

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आढळली. त्या पंपाचे पाणी लोकांच्या विशेष आवडीचे होते. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा तर चवीसाठी तेच पाणी मुद्दाम मागवून घेत असे. तिचाही पटकीने मृत्यू झाला. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. रोगजंतूंचा सिद्धान्त सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधी, केवळ निरीक्षण आणि नोंदी यांच्या बळावर हे साधले, हे आपण ध्यानी घ्यावे.

आपल्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी 'आय.एस. १०५०० : २०१२' हे मानक आहे. त्यानुसार पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा. गढूळपणा १ एन.टी.यू. पर्यंत असावा, दुसरा पर्यायच नसेल तर तो ५ पर्यंत चालतो. विद्राव्य क्षार लीटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि पर्याय नसल्यास २००० पर्यंत ग्राह्य धरावेत. विष्ठेतून येणाऱ्या ई-कोलाय जंतूंच्या बाबतीत मात्र सवलत नाही. १०० मिलिलीटर पाण्यात असा एकही जंतू आढळता कामा नये. क्षार मोजण्याचे छोटे यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवणारे विक्रेते दारोदार येतात. त्या यंत्राला जंतू दिसत नाहीत. कमी क्षारांचे पाणी दूषित असू शकते आणि किंचित खारट लागणारे पाणी जंतुविरहित असू शकते.

जलकुंभापासून नळापर्यंत

लहान गावाच्या पाणीपुरवठ्याची रचना साधारणतः अशी असते. विहीर, नदी किंवा धरण हा उद्भव. तेथून आलेल्या गढूळ पाण्यात तुरटी मिसळून गाळ खाली बसवला जातो, मग पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. शेवटी क्लोरीन देऊन ते जलकुंभात साठवले जाते. या क्रमाला अर्थ आहे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड दडतात आणि क्लोरीन त्या कणांवरच खर्ची पडतो. म्हणून आधी गाळणे व नंतर निर्जंतुकीकरण हा क्रम मोडून चालत नाही.

दिल्लीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५५ च्या अखेरीस नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेत जलशुद्धीकरण केंद्राच्या मुखापर्यंत शिरले. केंद्राने तुरटी आणि क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर व हगवण यांचे प्रमाण वाढले नाही. परंतु काविळीचे विषाणू तगून राहिले आणि पुढील काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. उद्भवच घाण झाला तर शेवटच्या टप्प्यावरील औषध अपुरे पडते, हा त्यातील धडा होय.

आपल्या गावांत क्लोरीनसाठी बहुधा ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल वापरतात. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. दर हजार लीटरला ५ ग्रॅम असा हिशेब धरला, तर ५० हजार लीटरच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर लागते आणि लीटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. तीच पावडर ओलसर खोलीत, तोंड उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडून राहिली आणि तिची ताकद १६ टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच वजनात निम्माच क्लोरीन मिळतो. नोंदवहीत २५० ग्रॅमची नोंद तंतोतंत होते. पाणी मात्र अर्धेच निर्जंतुक होते. शिवाय क्लोरीनला आपले काम करण्यास किमान अर्धा तास लागतो. पावडर टाकताच व्हॉल्व्ह उघडला, तर पहिल्या घरांना केवळ वास मिळतो.

टाकीत शुद्ध असलेले पाणी वाटेत बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे खंडित पुरवठा. नळाला दिवसातून तासभर, कोठे चार दिवसांआड पाणी येते. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब नाहीसा होतो. मग फुटलेल्या सांध्यांतून बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटर लावली तर हे ओढणे अधिकच वाढते; आपल्या दोन जादा हंड्यांची किंमत साऱ्या आळीला मोजावी लागते.

शेवटचा नळ

म्हणूनच क्लोरीनचे काम टाकीपाशी संपत नाही. वाटेत शिरणाऱ्या जंतूंशी झुंजण्यासाठी काही क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत शिल्लक राहावा लागतो. मानकानुसार हा उर्वरित क्लोरीन लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. तो तपासणे अगदी सोपे आहे. नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. यालाच आपण ओ.टी. चाचणी म्हणतो. (तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे.)

काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवीत होतो. पावसाळा सुरू झाला की ओढ्याकाठच्या वस्तीतील मुले जुलाबांनी आजारी पडत आणि वर्गातील त्यांचे बाक रिकामे राहत. याविषयी गावातील जाणत्यांना विचारले, तर एकच उत्तर मिळे : "त्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही, गुरुजी." नववीच्या मुलांनी आठ दिवस सकाळी चार ठिकाणचे नमुने तपासले. जलकुंभापाशी गडद पिवळा रंग आला, बाजारपेठेत फिका पिवळा, शिक्षक वसाहतीत त्याहून फिका. ओढ्याकाठच्या वस्तीतील नमुना आठही दिवस पाण्यासारखाच रंगहीन राहिला. त्या वस्तीकडे जाणारी वाहिनी पन्नासेक पावले गटारातून गेली होती आणि तिचा सांधा गळत होता.

मुलांनी आपली वही संबंधित कार्यालयात नेऊन दिली. प्रथम कोणी लक्ष दिले नाही. पालकांच्या सह्यांचा अर्ज जोडल्यावर, दिवाळीनंतर, वाहिनी गटारातून वर उचलली गेली. त्यानंतर त्या नळाच्या पाण्यास प्रथमच पिवळी छटा आली. वस्तीतला एक मुलगा ती परीक्षानळी घेऊन घरोघर दाखवीत फिरला. लोकांच्या सवयींना लावलेला तो बोल खरे तर एका फुटक्या सांध्याचा दोष होता. गावात शेवटचा नळ बहुधा कोणत्या वस्तीत असतो, हे वाचकांना सांगावयास नको.

क्लोरीनच्या मर्यादा

काही दोष जंतूंचे नसून खडकांचे किंवा खतांचे असतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. लीटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि त्याहून अधिक प्रमाणात हाडे जखडतात. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारे आहे. शेतातील खते व शौचालयांचे शोषखड्डे यांमुळे विहिरींत नायट्रेट उतरते; त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून ते तान्ह्या बाळांना विशेष घातक ठरते. हे दोष क्लोरीनने जात नाहीत, उकळल्यानेही जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. अशा ठिकाणी प्रयोगशाळेतील तपासणी आणि पर्यायी उद्भव हाच उपाय होय.

घरातील दक्षता

बौद्ध भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, समाविष्ट आहे. गाळण्याच्या या जुन्या सवयीस आधुनिक संशोधनाचाही आधार मिळाला आहे. बांगलादेशातील मतलब भागात जुनी साडी किमान चार पदरी दुमडून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. कारण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते वस्त्रात अडकतात. तथापि विषाणू वस्त्राने अडत नाहीत, म्हणून गाळणे ही केवळ पहिली पायरी समजावी.

नळाला पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते सांडण्या-धुण्यासाठी घ्यावे, पिण्यासाठी नंतर भरावे. पावसाळ्यात, साथ असताना व बाळाच्या घरी पाणी खळखळून उकळावे आणि झाकून थंड करावे. माठाला तोटी बसवावी किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पेला धरलेली बोटे पाण्यात बुडू नयेत. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करू नये. तो सौम्य वास क्लोरीन शिल्लक असल्याची खूण आहे. विकतच्या थंड जारचे पाणी हमखास शुद्ध, हाही समज सोडावा. त्यात बहुधा क्लोरीन शिल्लक नसतो, त्यामुळे जार किंवा हात अस्वच्छ असल्यास ते लवकर दूषित होते.

तपासणी कोणी करावी?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्यासाठी तपासणी संच असतो. एच-टू-एस बाटलीत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेला ठेवली आणि पाणी काळे झाले, तर ते विष्ठेने दूषित असल्याचा संशय घ्यावा आणि प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. आपल्या गावातील त्या पाच भगिनी कोण, संच कोठे आहे आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. प्रदूषणमुक्त पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे.

शाळेचे माजी विद्यार्थी आज गावोगावी शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, अभियंते म्हणून कार्यरत आहेत. प्रत्येकाने आपल्या गावी एक वही सुरू करावी : तारीख, ठिकाण, पाण्याचा रंग. ठिकाणांत गावातील शेवटच्या नळाचा समावेश अवश्य असावा. महाडला आपल्या पूर्वजांनी पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क मिळवून दिला. ते पाणी आपल्या लेकरांना निर्धोकपणे पिता यावे, यासाठी रोज सकाळी पाच मिनिटे देणे आपल्या हाती आहे.