रिकामी टाकी

जालना शहराचे नाव काढले की लोकांना दोन गोष्टी आठवतात, बियाणे आणि लोखंड. 'जालना, सोने का पालना' ही म्हण तर आपल्या घरांतूनही ऐकू येते. येथील औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून त्याच्या सळ्या बनवणारे मोठे कारखाने आहेत. मी मात्र तुम्हांला एका लहानशा वेल्डिंगच्या दुकानात नेणार आहे.

दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. दाराशी गॅसची नळकांडी, भिंतीला टेकवून ठेवलेले पाईप, एक ऐरण, काही कानशी, पकडी आणि हातोडे. दुकानाच्या मालकांना सगळे 'उस्ताद' म्हणत. त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे दूधवाले. बदनापूर, भोकरदन या बाजूच्या खेड्यांतून ते पहाटे मोटारसायकलवर दूध घेऊन येतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेले असतात. एका मोठ्या कॅनमध्ये ४० लिटर दूध मावते. एक लिटर दुधाचे वजन एका किलोपेक्षा थोडे जास्तच असते. म्हणजे दोन कॅनचे ओझे ८० किलोंच्या वर गेले! मागे एक माणूस बसला तरी एवढेच वजन होते. पण माणूस वळणावर स्वतःला सावरतो, कॅन सावरत नाही. ते काम कॅरियरला करावे लागते. म्हणून कॅरियर बनवणारा कारागीर चांगला हवा.

एके दिवशी मी भाईजानबरोबर उस्तादांकडे गेलो. भाईजान आणि त्याचे दोन मित्र मोटारसायकलवरून लेहला जाणार होते. मनालीहून लेहला जाताना वाटेत केलाँगच्या अलीकडे तांडी नावाचे गाव लागते. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी भाईजानने फोटोत पाहिली होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच विचार होता, गाडीला मोठी टाकी हवी. त्याने भंगार बाजारातून आपल्याच गाडीची एक जुनी टाकी आणली होती. ती मधोमध कापायची, मध्ये पत्रा जोडायचा आणि तिची २० लिटरची टाकी करायची, असा त्याचा बेत होता.

उस्तादांनी टाकी हातात घेतली. "किती दिवसांपासून रिकामी आहे?" त्यांनी विचारले.

"दोन महिने तरी झाले असतील," भाईजान म्हणाला.

उस्तादांनी झाकण उघडले आणि टाकी माझ्या नाकाजवळ आणली. पेट्रोलचा वास भपकन आला.

"वास येतो ना? मग रिकामी कुठे आहे, बेटा?"

भाईजान हसला. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी आक्रसून गेली होती.

"मी तेव्हा शिकाऊ होतो. अशीच एक टाकी आली होती. आम्ही ती एकदाच पाण्याने विसळली आणि झाळायला घेतली. मी बाजूला पाना शोधत होतो, म्हणून हातावर निभावले. माझ्या उस्तादांचे डोळे गेले."

दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही.

खरे म्हणजे पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात. हवेच्या १०० भागांत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असेल, तर ठिणगी पडताच ती पेटते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी असते आणि तिथली वाफ फार दाट असते. रिकाम्या टाकीत मात्र हवा आणि वाफ यांचे नेमके हे मिश्रण तयार होऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती आपोआप बाहेर पडत नाही. शिवाय सांध्यांत आणि गंजात पेट्रोल मुरलेले असते. ज्योतीची उष्णता लागली की तेही बाहेर येते. म्हणून जाणकार कारागीर टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुतो, पाण्याने जवळजवळ भरतो, झाकण उघडे ठेवतो आणि मगच डाग देतो. हे काम घरी करून पाहायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

"मग तुम्हीही धुऊन करा," भाईजान म्हणाला. "नाहीतर मी दुसऱ्या दुकानात नेतो."

"ने," उस्ताद शांतपणे म्हणाले. "पण टाकी म्हणजे नुसता डबा नव्हे. झाकणाला बारीक भोक असते, ते कशासाठी? पेट्रोल खाली उतरले की तेवढी हवा आत यावी लागते. ते भोक बुजले, तर भरल्या टाकीने गाडी बंद पडते. जुन्या गाड्यांत रिझर्व्ह कसे चालते? कॉकच्या दोन नळ्या आत असतात, एक उंच, एक आखूड. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेले की आखूड नळीतून उरलेले येते. शिवाय उन्हात पेट्रोल फुगते, म्हणून वर थोडी जागा सोडावी लागते. आणि कायद्याचे काय? मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम ५२ आहे. गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही."

मग त्यांनी पत्र्यावर खुणा करायचा खडू भाईजानच्या हातात दिला. "आधी हिशेब कर."

भाईजानने जमिनीवर लिहिले. गाडीची टाकी १३ लिटरची. चढावर खालच्या गिअरमध्ये पेट्रोल जास्त लागणार, म्हणून लिटरला २८ किलोमीटर धरले. १३ गुणिले २८, म्हणजे ३६४.

"एक किलोमीटर कमी पडला!" मी ओरडलो. आता उस्तादही हसले.

"एका किलोमीटरसाठी टाकी कापतोस? पाच लिटरचा लोखंडी कॅन घे. आणखी १४० किलोमीटरची सोय झाली. त्यातल्या पेट्रोलचे वजन चार किलोसुद्धा नाही. तो ठेवायला कॅरियर मी बनवतो."

असा कॅन पहिल्यांदा जर्मन सैन्यासाठी बनला, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. तो २० लिटरचा होता आणि त्याला तीन मुठी होत्या. एक माणूस भरलेला एक कॅन किंवा रिकामे दोन कॅन एका हाताने नेऊ शके, दोन माणसे मिळूनही तो उचलू शकत. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून त्याचे नाव 'जेरी कॅन' पडले. २०१६ साली बाजारात आलेल्या रॉयल एन्फिल्डच्या 'हिमालयन' गाडीला १५ लिटरची टाकी होती, तरी असे कॅन अडकवायची सोय तिच्यावर होती. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी खुर्जी तुमच्या ओळखीची असेल. कल्पना तीच.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. उस्तादांनी पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून भरली आणि दोन्ही तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद केली. मग पाईप तापवून वाकवला. वाळूमुळे तो आत चेपला नाही, गोल तसाच राहिला. प्रत्येक बाजूचे कॅरियर त्यांनी तीन ठिकाणी चेसिसला नट-बोल्टने बसवले. मी कारण विचारले. त्यांनी पट्ट्यांचा एक चौकोन करून माझ्या हातात दिला. तो सहज तिरपा झाला. मग एक पट्टी आडवी लावून त्याचे दोन त्रिकोण केले. आता कितीही जोर लावला तरी तो हलेना.

पेट्रोलचा कॅन डावीकडे, कारण सायलेन्सर उजवीकडे होता. कपडे आणि अवजारे उजवीकडे. ओझे जितके खाली आणि जितके पुढे घेता येईल तितके घेतले. ओझे फार मागे गेले तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल थरथरते.

"दूधवाल्यालाही असेच बनवून देता?" भाईजानने विचारले.

"लेह काय आणि बदनापूर काय, वजन ते वजनच," उस्ताद म्हणाले. "दूधवाला तर रोज जातो. तू एकदाच जाणार."

भाईजान सोळा दिवसांनी परत आला. चेहरा उन्हाने काळवंडला होता. कॅनमधले तीन लिटर पेट्रोल वापरले गेले होते, दोन लिटर उरले होते. संध्याकाळी आम्ही उस्तादांकडे गेलो. बर्फाचे फोटो दाखवायला भाईजान अगदी उतावीळ झाला होता. उस्तादांनी आधी गाडीजवळ बसून कॅरियर दोन्ही हातांनी हलवून पाहिले.

"किती बोल्ट ढिले झाले?"

"एक."

"कोणता?"

"उजवीकडचा, खालचा."

उस्तादांनी पाना मागितला.