घुमानचा पाहुणचार

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म १२७० साली याच गावी झाला. पुढे विठ्ठलाचे नाव गात ते उत्तरेकडे निघाले आणि थेट पंजाबात पोहोचले. तेथील घुमान या गावी त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, असे सांगतात.

वर्गात शिकविताना मी एवढे सांगून पुढे जात असे. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, ओळखदेख नसलेल्या मुलखात नामदेव कोणाच्या घरी राहिले? त्यांना जेवू कोणी घातले?" मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मात्र मनात राहिला. सेवानिवृत्तीनंतर एका जानेवारीत मी घुमानची वाट धरली.

नांदेडहून निघालेल्या आगगाडीने मला अमृतसरला पोहोचविले. तेथून बसने गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान गाठले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा गहू आणि पिवळी मोहरी पसरली होती. आपल्या काळ्या रानात वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तो देखावा नवा होता.

उतरलो तेव्हा दिवस मावळला होता आणि धुके दाटत होते. धर्मशाळेची चौकशी करताच एका वृद्ध शीख शेतकऱ्याने हिंदीत विचारले, "कोठून आलात?"

"महाराष्ट्रातून. नरसीजवळ माझे घर आहे."

त्याबरोबर त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "नामदेवजींच्या गावाकडचा माणूस धर्मशाळेत उतरणार? चला घरी!"

मी त्यांच्यामागून निघालो खरा; पण मनात संकोच होता. माणसे अनोळखी, भाषा परकी. खरे सांगायचे तर, वाटेत मी खिशातील पैशांवरून दोनदा हात फिरविला.

घराच्या चुलीपाशी एक आजी मक्याची रोटी दोन्ही हातांनी थापत होत्या. तो थापण्याचा आवाज ऐकला आणि मला आमच्या घरची भाकरी आठवली. रोटी, मोहरीच्या पाल्याची भाजी, वर लोण्याचा गोळा आणि शेवटी गूळ! "पुरे" म्हटले की ताटात आणखी एक रोटी पडे.

जेवणानंतर आजींनी एक गोष्ट सांगितली. नामदेवांना देवळातून उठविले, तेव्हा ते मागील बाजूस जाऊन भजन करू लागले. मग देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. मी म्हणालो, "आजी, ते देऊळ औंढा नागनाथचे, असे आम्ही मानतो. ते आमच्याच जिल्ह्यात आहे!" आजींनी दोन्ही हात जोडले. लहानपणी मी जी कथा माझ्या आजीकडून ऐकली होती, तीच दूर पंजाबात दुसरी आजी मला सांगत होती.

रात्री मला जाड रजई मिळाली. पहाटे जाग आली, तेव्हा यजमान साधी घोंगडी पांघरून चुलीजवळ बसलेले दिसले. ती रजई त्यांची स्वतःची होती. खिसा चाचपणारा माझा हात आठवून मी खाली मान घातली.

सकाळी आम्ही डोके झाकून गुरुद्वारात गेलो. कीर्तन चालू होते. शब्द नीट कळत नव्हते. पण अचानक 'बीठल' हे नाव कानी पडले आणि माझे डोळे भरून आले. तो आपलाच विठ्ठल होता! १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि शीख बांधव ती भक्तिभावाने गातात. मग लंगरच्या पंगतीत बसलो. तेथे रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. कारण ती प्रसाद असते. घुमानला २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याच्या आठवणी लोक कौतुकाने सांगत होते.

निघताना मी संकोचत काही रुपये पुढे केले. यजमानांनी माझी मूठ मिटली. ते म्हणाले, "आमची माणसे नांदेडला हजूरसाहिबच्या दर्शनाला येतात. त्यांतले कोणी नरसीची वाट विचारीत आले, तर त्यांना घरी न्या. म्हणजे फिटले."

आता फेटा बांधलेला कोणी यात्रेकरू हिंगोलीत भेटला, की मी त्याला घरी घेऊन येतो. प्रथम त्याच्याही चेहऱ्यावर संकोच दिसतो. मग आतून भाकरी थापण्याचा आवाज येतो आणि तो हसतो. नामदेवांना जेवू कोणी घातले, या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले.

शब्दार्थ
वास्तव्य – राहणे, मुक्काम. यजमान – पाहुण्यांचे आतिथ्य करणारा गृहस्थ. सिद्ध करणे – तयार करणे. लंगर – गुरुद्वारातील सर्वांसाठीचे भोजन.

स्वाध्याय
१. लेखकाने घुमानला जाण्याचे का ठरविले?
२. लेखकाने खाली मान का घातली?
३. 'म्हणजे फिटले' या यजमानांच्या उद्गाराचा अर्थ स्पष्ट करा.
४. परगावी कोणाच्या घरी राहिला असाल, तर तेथील पहिल्या दिवसाचे वर्णन दहा ओळींत लिहा.