उडदाच्या मुळाशी चालणारा सिग्नल

मेसची डाळ पातळ झाली की आपण सगळेच ओरडतो. पण ती डाळ पिकते तिथे, मुळाशी, काय चालतं याचा विचार निदान मी तरी केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यात घरी गेलो, तेव्हा आबांनी पिवळा पडलेला उडीद उपटून माझ्या हातात दिला. "इंजिनिअर होणार ना तू? मग सांग, याला काय झालं?" मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचं उत्तर.

कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. कारखान्यात हेबर पद्धतीने हेच करायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीत ते शेतातल्या साध्या तापमानाला होतं!

पण गाठ बांधायची की नाही, हा निरोप पोचवतो कॅल्शियम. पेशीरसात मोकळा कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतो, कारण पंप तो सतत उपसत असतात. जिवाणूचा 'नॉड फॅक्टर' मूळकेसाला जाणवला की केंद्रकाजवळचे चॅनेल उघडतात आणि कॅल्शियम उसळतो. पंप तो मागे ओढतात, तो पुन्हा उसळतो. साधारण मिनिटा-दोन मिनिटांना एक पल्स! १९९६ मध्ये हे ठोके नोंदले गेले, ते आपल्या गुरांच्या लसूणघासाच्या मुळांत. हे ठोके वाचणारं एन्झाइम २००४ मध्ये ओळखलं गेलं. म्हणजे सिग्नल आणि डिकोडर, दोन्ही मातीखाली तयार.

गाठ झाल्यावरही काम संपत नाही. जिवाणूभोवतीच्या पडद्यात एटीपीवर चालणारा कॅल्शियम पंप असतो. १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी तो बाकल्याच्या गाठींत दाखवला. पडद्याआडचा कॅल्शियम घटला, तर नायट्रोजनचं कामही मंदावतं.

आता आमच्या पेठकडे वळू. धो धो पाऊस उतारावरच्या मातीतला कॅल्शियम धुऊन नेतो, माती आम्ल होत जाते. अशा मातीत जिवाणू नीट तगत नाहीत, मुळाला चिकटत नाहीत, गाठी कमी धरतात. आबांच्या उडदाला हेच झालं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. साचलेलं पाणी किंवा केवडा रोगही पीक पिवळं करतो. म्हणून माती तपासल्याशिवाय चुना टाकू नये.

एक तपासणी मात्र फुकट आहे. फुलोऱ्याच्या सुमारास रोप अलगद खणून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू, पांढरी किंवा हिरवट दिसली तर बंद. पेरताना १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळायचं, हेही लक्षात ठेवा.

यंदा पेरणीआधी मी घरी जाणार आहे. मातीचा नमुना तपासायला द्यायचा आणि मग आबांसमोर बसायचं. तोंडी परीक्षा अजून बाकी आहे!