आजीची मूठ किती ग्रॅमची?



गेल्या श्रावणातली गोष्ट. नेरळजवळच्या एका गटाची मीटिंग होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि उठता उठता एक काकू म्हणाल्या, “ताई, आम्हाला ती ब्राऊनी शिकवा ना. फार्महाऊसवर येणारी पोरं तीच मागतात.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला स्वतःला ब्राऊनी खायला येते, करायला येत नाही. रात्री मोबाईलवर बघितलं: चॉकलेट, लोणी, मैदा, अंडी आणि ओव्हन. गटातल्या अकरा जणींपैकी एकीच्याही घरी ओव्हन नाही.

मी आईला हे सांगत होते तेव्हा कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, “काळी, घट्ट, वडी पाडायची आणि कडेला कुरकुरीत? मग तो धोंडसच की गं.”

आमच्या आजीचं माहेर संगमेश्वरकडचं. लग्न होऊन ती नेरळला आली, तेव्हा सोबत हा पदार्थ घेऊन आली. काही जणी याला तवसोळी म्हणतात, मुलं सरळ काकडीचा केक म्हणतात. पावसाळ्यात मांडवावर राहून गेलेली जून पिवळी काकडी, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं आणि तूप. खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, म्हणजे दोन्हीकडून भाजणं. ओव्हन दुसरं काय करतो? आजी काळा गूळ घालायची, त्यामुळे आमच्या घरचा धोंडस चांगला तपकिरी व्हायचा. भांड्याच्या तळाला जी खरवड धरायची ती मात्र ती कुणा नातवंडाला द्यायची नाही, आईला द्यायची. “सून दिवसभर चुलीपाशी असते, खरवड तिची,” असं म्हणायची. आई आजही धोंडस म्हटलं की आधी खरवडीचं बोलते.

आता माझी चूक सांगते. भाद्रपदात एका फार्महाऊसची चाळीस डब्यांची ऑर्डर मिळाली, डब्याला ६० रुपये. मी गटाला एकदाच धोंडस करून दाखवला आणि म्हटलं, “घ्या ऑर्डर, मी आहे.” दोन घरांत वीस-वीस डबे केले. एका घरचे छान झाले. दुसऱ्या घरचे मधे पिठूळ राहिले, सुरी लावली की मोडायचे. ते वीस डबे परत आले. १२०० रुपये गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या काकूंच्या घरी ते केले होते त्या पुढच्या मीटिंगला आल्याच नाहीत. त्यांची काहीच चूक नव्हती. मी “दोन मुठी” आणि “वाटीभर” असं शिकवलं होतं. एका घरातली वाटी लहान, दुसरीतली मोठी. एकीने घरच्या जाड तांदळाचा रवा काढला, दुसरीने दुकानातला इडलीचा रवा आणला. तो बऱ्याचदा उकड्या तांदळाचा असतो आणि पाणी वेगळंच पितो. एमएसडब्ल्यूला मला गट कसा बांधायचा ते शिकवलं होतं, रवा किती पाणी पितो ते नव्हतं.

नवरात्रात मी आजीसमोर काटा मांडला. स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा. तोवर तिचा उजवा हात नीट उचलत नव्हता, पण मूठ वळायची. ती आधी रागावलीच. “माझ्या हाताला काय तोलतेस?” मी काट्यावर रिकामी थाळी ठेवून आकडा शून्य केला आणि म्हटलं, फक्त मूठ टाक. पहिली मूठ ४८ ग्रॅम, दुसरी ५२, तिसरी ५०. मग मी माझी मूठ टाकली: ६२. आजी पाच मुठी घ्यायची म्हणजे २५० ग्रॅम. मी पाच घेतल्या की ३१०. आईचा धोंडस इतकी वर्षं थोडा कोरडा का होतो, याचा उत्तर त्या दिवशी घरात मिळालं. आई कितीतरी वेळ हसत होती.

गूळ ती मोजतच नव्हती. चाखत चाखत घालायची. म्हणून मी गुळाचा डबा आधी तोलला आणि काम झाल्यावर परत तोलला: १२४० मधून उरले ९९०, म्हणजे गेला २५०. ही युक्ती लक्षात ठेवा. तेल, तिखट, मसाला, सगळ्याला चालते, आणि करणारीला हात थांबवावा लागत नाही.

वेळेचं मात्र अवघड गेलं. “किती वेळ भाजायचं?” विचारलं तर आजी म्हणे, “वास येईपर्यंत.” मी घड्याळ लावून बसले. ४५ मिनिटांनी ती म्हणाली, “आला बघ.” मला काही आला नव्हता, पाच मिनिटांनी आला. म्हणून वहीत दोन्ही लिहिलं: ४५ मिनिटं, आणि खूण अशी की कडा भांड्यापासून सुटतात, मधे सुरी घातली तर कोरडी निघते. नुसता आकडा लिहाल तर दुसऱ्या चुलीवर फसाल.

तीनदा करून जे प्रमाण बसलं ते असं. जाड तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून काढलेला रवा २५० ग्रॅम. जून काकडी साल आणि बिया काढून किसलेली, सुटलेल्या पाण्यासकट ५०० ग्रॅम. काकडीचं टोक आधी चाखा, कडू निघाली तर ती घेऊच नका. काळा गूळ २५० ग्रॅम, ओलं खोबरं १००, तूप ६०, काजू २५, सहा वेलच्या, चिमूटभर मीठ. रवा निम्म्या तुपात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचा. दुसऱ्या भांड्यात कीस, त्याचं पाणी आणि गूळ उकळायचं, गूळ विरघळला की खोबरं, मीठ, मग रवा हळूहळू. पीठ उलथन्यावरून जड पडायला लागलं की वेलची-काजू घालून तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात थापायचं, वरून उरलेलं तूप सोडायचं. गॅसवर करायचं तर खाली जाड तवा ठेवा, आच अगदी बारीक, घट्ट झाकण. वरून लाली हवी तर झाकणावर निखारे लागतातच, त्याला पर्याय नाही. सोडा, बेकिंग पावडर काही नको, याला फुगायचंच नाहीये. पूर्ण गार झाल्याशिवाय वड्या पाडू नका, ही घाई माझ्यासकट सगळ्या करतात. साधारण ६० ग्रॅमच्या सोळा वड्या होतात.

काकडीचं पाणी आणि ओलं खोबरं असल्यामुळे हा पदार्थ टिकत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये फार तर दोन. म्हणून दुकानात ठेवायला देऊ नका, ऑर्डर घेऊनच करा. कुणी “आठवडाभर टिकेल असं काहीतरी घाला” म्हटलं तर त्यांना माथेरानची चिक्की घ्यायला सांगा.

मोजून लिहिण्याचं हे वेड माझं एकटीचं नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, तुमच्यातल्या काही जणींच्या सासूबाईंकडे नक्की असेल. कमलाबाई फार शाळा शिकलेल्या नव्हत्या, स्वयंपाक त्या सांगलीला सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. पण त्यांनी वाटी आणि चमच्याच्या मापात पदार्थ लिहिले, म्हणून नवीन लग्न झालेल्या, आईपासून लांब राहणाऱ्या मुलींना ते जमले. त्याच्याही आधी, १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’ लिहिलं होतं, त्यात हजार पाककृती आहेत. आणि ती ब्राऊनी? अमेरिकेत बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ मध्ये पाककृतींचं पुस्तक काढलं. चमचा शीग लावून नाही, सपाट करून मोजायचा हा त्यांचा आग्रह. त्या पहिल्या पुस्तकात ब्राऊनी नावाचा जो पदार्थ होता त्यात चॉकलेट नव्हतंच, काकवीसारखा काळा पाक होता! चॉकलेटची ब्राऊनी त्यांच्या १९०६ च्या आवृत्तीत आली. हे मी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग आमचीच ना ती.”

आता हिशोब, कारण तिथेही आपण फसलो होतो. एका घाण्याला रवा १५ रुपये, गूळ १८, खोबरं २०, तूप ४२, काकडी २०, काजू २३, वेलची-मीठ ७, गॅस १५. झाले १६०. चार डबे आणि लेबल २०. म्हणजे १८०, डब्याला ४५. आम्ही ६० ला विकत होतो आणि डब्याला १५ सुटतात म्हणून खूश होतो. पण किसणं, भाजणं, थापणं, भरणं याचे दोन तास कुणी धरलेच नव्हते. तासाला ५० रुपये धरा. १०० वाढले, डबा ७० ला पडला. म्हणजे प्रत्येक डब्यामागे १० रुपये आपण पदरचे घालत होतो, तेही वीस डबे परत यायच्या आधी. आता गट ९० ला देतो. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. तुमच्या बाजारातले भाव वेगळे असतील, ते घाला, पण तासांची ओळ खोडू नका.

घरी करून विकायचं असलं तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्या उद्योगाला ती ऑनलाइन करता येते. मिळालेला चौदा आकडी नंबर लेबलवर टाकायचा. सोबत घटक, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका. इथेही काटाच कामाला येतो, वजन अंदाजे लिहिता येत नाही.

एक गोष्ट मात्र लेबलवर मावत नाही. पाककृती कुणाची? सासूबाईंच्या हातची चव विकून गटाला पैसे मिळणार असतील तर आधी त्यांना विचारा. आमच्या गटात ठरलंय की जिच्या घरची कृती, तिच्या नावाने ती वहीत लिहायची आणि पहिल्या ऑर्डरच्या नफ्यातून तिला साडीचोळी. कुणाला द्यायची नसेल तर नाही द्यायची, तिच्यावर रुसायचं नाही.

वही कशी करायची? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, शाळेतली मुलगी किंवा नातू उतरवून काढेल. डाव्या पानावर वजन, वेळ, खूण. उजव्या पानावर बोलता बोलता जे निघेल ते. माझ्या वहीत उजव्या पानावर लिहिलंय की आजीचा भाऊ मांडवावरची सगळ्यात मोठी काकडी तिच्यासाठी राखून ठेवायचा आणि ती राखली म्हणून शेजारच्या पोरांशी मारामारी करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो ती काकडी पिशवीत घालून नेरळला घेऊन आला होता.

आजी या मे महिन्यात गेली. धोंडस वहीत आहे. तिचं फणसाचं सांदण राहून गेलं. आपण फणस आले की करू म्हणत होतो, आणि फणस आले तेव्हा ती अंथरुणावर होती. आई दोनदा करून बघते आहे, अजून तसं होत नाही.

पुढच्या ग्रामसंघाच्या मीटिंगला मी काटा घेऊन येणार आहे. प्रत्येक गटाने एक पदार्थ ठरवा आणि तो ज्यांच्या हातचा आहे त्या आजींना, सासूबाईंना सोबत आणा. त्यांना चालवत नसेल तर निरोप द्या, मी घरी येते. आणि गेल्या वर्षी मीटिंग सोडून गेलेल्या काकूंना सांगायचंय, यंदा मांडवावर दोन काकड्या राखल्यात. पहिला घाणा तुमच्याच घरी करू, वाटी मी आणत नाही, काटा आणते.