एकोणीस एकांची मूळसंख्या



मागील वर्षीं एका विद्यार्थ्यानें मजकडे ११,१११ ही संख्या आणून "ही मूळसंख्या आहे," असें मोठ्या आनंदानें सांगितलें. ३७ पर्यंतच्या सर्व मूळसंख्यांनीं त्यानें भागून पाहिलें होतें. मीं त्यास आणखी एकच पायरी चढावयास सांगितलें. पुढची मूळसंख्या ४१; आणि ४१ × २७१ = ११,१११! बिचारा खट्टू झाला. परंतु तेव्हांपासून आम्हां उभयतांस नुसत्या एकांनीं बनलेल्या संख्यांचा छंद लागला.

ह्या संख्यांचे एक थोर उपासक आपल्या नाशिकजवळच होऊन गेले. ते म्हणजे देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२,३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांस त्यांनीं डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नांवावरून 'डेम्लो संख्या' म्हटलें.

पण एकांच्या संख्यांपैकीं मूळ कोणत्या? सहा एक म्हणजे १११ × १००१. अर्थात् एकांची गणती स्वतः मूळ असली पाहिजे. तेवढ्यानें मात्र भागत नाहीं. १११ = ३ × ३७; सात एक = २३९ × ४६४९; अकरा, तेरा, सतरा, सर्व फसतात. ११ नंतर प्रथम टिकते ती एकोणीस एकांची:

१ १११ १११ १११ १११ १११ १११

एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत आपल्या पाठांत अठराच स्थानें. ही संख्या त्यापलीकडे एक पाऊल टाकते.

हिला भाजक नाहीं हें ठरविण्यास सुमारें १०५ कोटींपर्यंत शोधावें लागेल. पण थोडा विचार करूं. जी मूळसंख्या एकोणीस एकांस भागते, ती एकोणीस नवांसही भागते. म्हणून तिनें १ ला भागल्यास १९ अंकांचा आवर्ती दशांश येतो. ही आवृत्ति भाजकांतून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येस भागते, असें फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या सिद्धांतावरून निघतें. म्हणून भाजक ३८ च्या पटींत १ मिळवूनच मिळेल: १९१, २२९, इत्यादि. शंभर कोटींचें काम पावणेतीन कोटींवर आलें! विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, संगणक नसतां, ही संख्या मूळ असल्याचें सिद्ध झालें. माझ्या विद्यार्थ्यास ही युक्ति ठाऊक असती, तर ११, ३१, ४१ अशा तिसऱ्याच भागाकारांत त्याचें काम संपतें.

तिचा एक गुण मला विशेष प्रिय आहे. १ ला तिनें भागलें असतां अठरा शून्यें व एक नऊ, हींच पुनःपुन्हां येतात. आणि १९ अंकांची आवृत्ति देणारी दुसरी मूळसंख्याच नाहीं. कारण एकोणीस नवांचे मूळ भाजक दोनच, ३ आणि ही. व ३ ची आवृत्ति एकाच अंकाची.

तेवीस एकांची संख्याही मूळ आहे. त्यापुढील थेट ३१७ एकांची. अशा संख्या अनंत आहेत काय, हें अद्याप कोणासही सिद्ध करतां आलेलें नाहीं. तूर्त आपण तेरा एकांची संख्या घेऊन बसा. भाजक २६ च्या पटींत १ मिळवून पाहावा. तो फार दूर नाहीं.